मागची सीट हॉलमध्ये

३ मे, रविवार
विशाखा आणि इरा काल लातूरला गेल्या. उन्हाळ्याची सुट्टी, विशाखाचं माहेर, दरवर्षीचंच. मी गाडीने थेट सोडणार होतो, पण विशाखा म्हणाली, नको, बसनं जातो. म्हणून नांदेडच्या स्टँडपर्यंतच सोडलं. सामान जरा जास्त वाटलं. हार्मोनियमसुद्धा नेली. सुट्टीला हार्मोनियम कशाला, विचारणार होतो, पण कंडक्टर घाई करत होता. इराच्या बॅगेतून स्वेटर डोकावत होता. मे महिन्यात लातूरला स्वेटर! बायकांच्या पॅकिंगमध्ये लॉजिक शोधायचं नाही, हा माझा जुना नियम.

स्टँडकडे जाताना एक गोष्ट घडली. मी गाणं लावलं, विशाखाने हात पुढे करून बंद केलं. याच गाडीत, इरा मागच्या सीटवर झोपलेली असताना, ही बाई लोह्यापासून अहमदपूरपर्यंत गाण्यासोबत गात यायची. आता बंद! ऑफिसातून आल्यापासून विचार करतोय. (म्हणजे काल. त्यांना सोडून तसाच ऑफिसला गेलो होतो.) शेवटी कारण सापडलं. तिच्या बाजूच्या दारातला स्पीकर फाटलाय, खरखर करतो. विशाखा शाळेत संगीत शिकवते. अशा कानाला त्रास होणारच.

म्हणजे बाकी काही नाही. असतं तर बोलली असती. गेल्या आठवड्यात एकदा बराच वेळ काहीतरी बोलत होती, तेव्हा माझ्या कानात हेडफोन होते. महत्त्वाचं असतं तर पुन्हा बोलली असती.

संकल्प : ती परत यायच्या आत गाडीला सबवूफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर. उत्तम प्रतीचा. शिवाय ही रोजनिशी रोज लिहिणे.

७ मे, गुरुवार
रोज लिहिणे जमलं नाही. संशोधन चालू होतं.

सुट्टीचा एक फायदा म्हणजे सकाळची प्रार्थना बंद. शाळा आमच्या मागच्याच गल्लीत. रोज सातला तिथल्या भोंग्यातून प्रार्थना येते. गाते विशाखाच, पण भोंगा इतका फाटका की मी गॅलरीचं दार लावून घेतो. फेब्रुवारीत गॅदरिंगलाही हेच. विशाखाचं स्वतंत्र गाणं होतं. साउंडवाल्याने मिड-रेंज, म्हणजे गळ्याचा मधला पट्टा, अशी फोडली होती की मला सहन होईना, दुसऱ्या कडव्याला बाहेर जाऊन उभा राहिलो. तिच्या आवाजाची विटंबना मी बसून ऐकायची का? हे मी तिला समजावून सांगितलं होतं. ती काही म्हणाली नाही, म्हणजे पटलं असावं.

ऑफिसातल्या अंबरीशला विचारलं. तो गाणं डोळे मिटून ऐकतो आणि मध्ये कुणी बोललं तर हात वर करतो. तो म्हणाला, सबवूफर घ्यायचाच असेल तर दहा इंची, सील्ड बॉक्स. बंद डब्यातला बेस कमी पण स्वच्छ. धडधड करायला ती काय वरात आहे का? मला एकदम पटलं. साउंड क्वालिटी. विशाखाला तेच आवडेल.

१० मे, रविवार
वर्कशॉप कॉर्नरजवळ आनंदराजचं दुकान आहे, कार ऑडिओ आणि मिरवणुकीचं साउंड दोन्ही करतो. दहा इंची सील्ड म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. म्हणाला, साहेब, क्वालिटी घरी ऐकायची, गाडीत दणका पायजे. बारा इंची घ्या, बॉक्सला भोक पाडून देतो, हवा भाईर येती, लई वाजतंय. मी त्याला क्वालिटीवर छोटंसं व्याख्यान दिलं. तो ऐकत ऐकत दुसऱ्या गाडीची वायर सोलत होता.

दहा इंचीच बसवला. डिकीच्या एका कोपऱ्यात मावतो, बॅगांना जागा राहते.

आता मुख्य योजना. माझ्या मोबाईलमध्ये विशाखाचं एक जुनं रेकॉर्डिंग आहे. इरा तान्ही होती तेव्हाचं. स्वयंपाकघरात एक भावगीत म्हणत होती, मी दाराआडून रेकॉर्ड केलं. मध्ये कुकरची शिट्टी आहे. तिला माहीतच नाही. लातूरला न्यायला जाईन, गाडीत बसवीन, आणि हे लावीन. बस्स. पुढचं आपोआप.

आज गाडीत बसून तीनदा ऐकलं. फार सुंदर. डोळ्यांत पाणी आलं. गाडीत ऊनही फार होतं.

१७ मे, रविवार
अधिक महिना लागला. म्हणजे धोंडा! तीन वर्षांतून एकदा जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात, अनारशांचं वाण देतात. गेल्या वेळी, तेवीस साली, सासऱ्यांचा फोन पहिल्याच दिवशी आला होता. वैजनाथराव, विशाखाचे नाना, निवृत्त हेडमास्तर, पंचांग तोंडपाठ. आज दिवसभर फोन चार्जिंगलाच लावून ठेवला होता. आला नाही. रेंजचा प्रॉब्लेम असेल.

विशाखाला फोन केला. उचलला नाही. इराला केला. तिने उचलला, आई क्लासला गेलीय म्हणाली. कसला क्लास? म्हणाली, शिकवायला. मग म्हणाली, बाबा, तुम्ही जेवता ना? मी म्हणालो, अर्थात. दुपारी शेव-मुरमुरे खाल्ले होते.

२१ मे, गुरुवार
नांदेड तापलंय. कूलरचं पाणी संपलं आणि मला दोन दिवस कळलं नाही, नुसती गरम हवा घेत झोपलो. फोन नाही. विशाखाचा मेसेज आला : गॅसचा नंबर लावला का. मी लगेच उत्तर दिलं : लावला. (लावला नव्हता.) आणि खाली लिहिलं, धोंड्याचं काय? दोन निळ्या रेघा आल्या. त्यावर काही नाही.

२४ मे, रविवार
फेरविचार.

क्वालिटी हे सगळं समोरचा माणूस गाडीत येऊन बसला तर. पण समोरचा माणूस फोनच उचलत नसेल तर? लातूरचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली गाडी उभी करून दहा इंची सील्ड लावला तर जिन्यापर्यंतही पोचणार नाही. आवाज वर गेला पाहिजे. ती आपणहून गॅलरीत आली पाहिजे. म्हणजे लाउडनेस. ही तडजोड नाही, हा व्यवहार आहे.

आनंदराजकडे गेलो. तो एवढंच म्हणाला, मी म्हनलं न्हवतं का. दहा इंची परत घेतला, बारा इंची भोकाचा बॉक्स दिला, मोठा अ‍ॅम्प्लिफायर. डिकी भरली. पैशांविषयी इथे लिहायचं नाही असं ठरवलंय.

२८ मे, गुरुवार
बेस लावला की हेडलाइट मंद होतात. मागची नंबर प्लेट खडखडते. उन्हात अ‍ॅम्प्लिफायर तापून आपणच बंद पडतो, मग त्याला पुठ्ठ्याने वारा घालावा लागतो. आज ऑफिसच्या पार्किंगमध्ये वारा घालत होतो तेव्हा साहेब खाली आले. म्हणाले, सगळं ठीक आहे ना घरी? मी म्हणालो, एकदम. ते म्हणाले, नाही, दोन दिवस तोच शर्ट आहे म्हणून विचारलं.

लोकांना दुसऱ्याच्या शर्टाकडे बघायला वेळ असतो.

३१ मे, रविवार
माहूरला गेलो. देवीचं दर्शन आणि घाटात सिस्टिमची टेस्ट, एकात दोन. देवीपुढे हात जोडले आणि काय मागायचं तेच सुचेना. विशाखा परत येऊ दे, असं मागितलं तर ती गेलीय असं कबूल केल्यासारखं होतं. म्हणून म्हटलं, सगळं नीट वाजू दे. पायऱ्या उतरताना माझी मलाच लाज वाटली.

खाली येऊन रेकॉर्डिंग लावलं, तर परड्या घेतलेल्या चार बाया गाडीपाशी थांबल्या. एकीनं विचारलं, प्रचाराची गाडी हाय का जी, कोन उभं हाय? विशाखाचं गाणं चालू होतं आणि ह्यांना प्रचार वाटला. ग्रामीण भागात संगीताची जाण कमी झाली आहे.

३ जून, बुधवार
शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. मला वाटलं गॅदरिंगच्या साउंडबद्दल माझं मत पाहिजे असेल. त्या म्हणाल्या, विशाखा मॅडमनी लातूरच्या एका शाळेची विचारणा आलीय असं कळवलंय, पंधराला शाळा सुरू होतेय, चौदापर्यंत नक्की सांगते म्हणाल्यात, तुमच्या कानावर असेलच. शिवाय इराचा दाखला लागणार का तेही सांगा. मी म्हणालो, हो हो, कानावर आहे.

कानावर नव्हतं.

कदाचित ते हेडफोनच्या दिवशीचं असेल.

दुपारभर काहीच काम झालं नाही. एक फाइल उघडून बसलो होतो, ती उलटी होती. मला भीती वाटते आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. घरात गेलो तर इराचा कप ओट्यावर पालथा घातलेला आहे, तो मी महिनाभर हलवलेला नाही. फार भीती वाटते.

५ जून, शुक्रवार
विशाखाने फोन उचलला!! तिनेच केला, खरं तर. नाना म्हणतायत, चौदाला रविवारी धोंड्याला या. मी म्हणालो, येतो. मग ती म्हणाली, मी अजून कुणालाच हो म्हटलेलं नाही. तुम्ही या, भेटू, मग ठरवू. आणि म्हणाली, येताना डिकी रिकामी ठेवा.

मी फोन ठेवून हॉलमध्ये दोन चकरा मारल्या. मग तिसरी मारताना लक्षात आलं की ही शेवटची संधी आहे. म्हणजे कसर ठेवून चालणार नाही. एका बारा इंचीवर अशा दिवशी जायचं?

डिकीचं बघू. अनारशांचं तबक मांडीवरही ठेवता येतं. बाकी सामान ट्रान्सपोर्टने मागवता येईल, हल्ली सगळं मिळतं.

७ जून, रविवार
दोन बारा इंची. एकाच बॉक्समध्ये, शेजारी शेजारी. आनंदराज म्हणाला, साहेब, ह्यो बॉक्स डिकीत न्हाई बसत, मागची शीट काढावी लागती. मी म्हणालो, काढ. तो म्हणाला, मग लेकरू कुठं बसंल? मी म्हणालो, लेकरू सुट्टीला गेलंय. त्याने फडक्याला हात पुसले. वहिनी कुठंयत, म्हणाला. मी म्हणालो, त्यांच्यासाठीच चाललंय सगळं. मग त्याने चहा सांगितला. पाना घेऊन सीटचे बोल्ट सोडवायला लागला.

बॉक्स बसल्यावर पहिल्यांदा लावला तेव्हा समोरच्या हॉटेलातले ग्लास वाजले. हॉटेलवाला बाहेर आला. आनंदराज त्याला म्हणाला, साहेबांचं काम हाय, जरा घे समजून.

मागची सीट रिक्षाने घरी आणली. जिन्यातून वर आणताना भिंतीचा रंग खरवडला. हॉलमध्ये खिडकीखाली ठेवली आहे. सोफ्यापेक्षा बरी. आता तिच्यावरच बसून लिहितोय.

११ जून, गुरुवार
अंबरीशला ऐकवायला गाडी त्याच्या घराखाली नेली. त्याने डोळे मिटले, लगेच उघडले. म्हणाला, वहिनी कुठं आहेत यात? मी म्हणालो, नीट ऐक. तो म्हणाला, अरे, बाईमाणसाचा आवाज सबवूफरमधून येतच नसतो. तो दारातल्या स्पीकरमधून येतो, आणि तो तुझा फाटलेला आहे. तेवढा बदल, अर्ध्या तासाचं काम आहे. तो बदलला असतास तर हे काहीच लागलं नसतं.

अंबरीश चांगला माणूस आहे, पण त्याच्यात असूया आहे. त्याच्या गाडीत कंपनीचाच सेट आहे.

स्पीकर बदलायला शनिवारी जाईन. किरकोळ काम आहे.

१३ जून, शनिवार
आनंदराज जळकोटला लग्नाचं साउंड घेऊन गेला आहे. दुकान बंद. स्पीकर राहिला.

सासूबाईंना इरकल घेतली. सासऱ्यांना उपरणं. दाढी केली, केस कापले. न्हावी म्हणाला, कार्यक्रम आहे का? मी म्हणालो, धोंडा आहे. त्याने मिशी विशेष लक्ष देऊन कापली. आरशात चांगला दिसलो. उद्या या वेळी तिघं याच घरात असू. गॅसचा नंबर आज खरंच लावला. इराचा कप धुऊन पुन्हा तिथेच ठेवला.

१४ जून, रविवार, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.

सकाळी पोचलो. गल्लीत वळतानाच आवाज चढवला, ठरल्याप्रमाणे. ठरल्याप्रमाणे गॅलरीत सगळे आले. आजूबाजूच्या गॅलऱ्यांतही आले. समोरच्या घरात तान्हं मूल रडायला लागलं. सासरे वरून दोन्ही हातांनी बंद करा, बंद करा अशी खूण करत होते, मला ते स्वागत वाटलं.

जेवण फार चांगलं झालं. पुरणाचे धोंडे, वर तूप. सासूबाईंनी ओवाळलं, तबकात तेहतीस अनारसे आणि दिवा ठेवून वाण दिलं. विशाखा वाढत होती. मी म्हणालो, बारीक झालीस. ती म्हणाली, तुम्हीपण. एवढ्यावर मी अख्खा धोंडा तोंडात कोंबला. सासूबाईंनी पाणी पुढे केलं, म्हणाल्या, सावकाश जेवा, कुठं पळून चाललंय का कुणी.

जेवण झाल्यावर विशाखा म्हणाली, आम्ही येतोय. एवढंच. आतल्या खोलीत बॅगा भरलेल्या होत्या. हार्मोनियम चादरीत बांधून ठेवलेली होती. सकाळपासूनच, किंवा कालपासून. म्हणजे मी गाडीत काहीही न लावता आलो असतो तरी

हे वाक्य पुरं करत नाही.

तिथेच गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हणालो, आधी खाली चल, तुझ्यासाठी एक आणलंय. ती आली. चेहऱ्यावर जरासं हसू होतं, ते मी पाहिलं. इरा बॅग घेऊन मागून. सासरे हार्मोनियम उचलून जिन्यात. विशाखाला पुढे बसवलं, काच वर केली, रेकॉर्डिंग लावलं.

आरसा हलत होता. ती ऐकत होती. मग म्हणाली, कुणाचं गाणं आहे? मी हसलो, वाटलं गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. कळतच नव्हतं तिला. तेवढ्यात बाहेरून इरा काचेला नाक लावून म्हणाली, आई, हा आपला कुकर आहे. आपला जुना!

विशाखा एकदम सरळ बसली. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. म्हणाली, हे मी म्हटलेलं आहे? मी म्हणालो, हो. ती म्हणाली, यात मला मी ऐकूच येत नाहीये. मी आवाज कमी केला. मग तिच्या बाजूचा स्पीकर खरखरायला लागला. मी बंदच केलं.

तरी ती उतरली नव्हती. हे मी विसरणार नाही. तरीही ती बसून होती.

मग इराने मागचं दार उघडलं. वाकून आत पाहिलं. बॉक्सला हात लावून पाहिला. म्हणाली, बाबा, मी कुठं बसू?

मी म्हणालो, पुढे, आईच्या मांडीवर. इरा विशाखाच्या कानापर्यंत उंच झालीय. या दीड महिन्यात आणखी वाढली असावी. विशाखाने मागे वळून पाहिलं. बराच वेळ. म्हणाली, सीट कुठंय? मी म्हणालो, घरी आहे, हॉलमध्ये, अगदी व्यवस्थित. रागावली असती तर मला काही बोलता आलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, तुम्ही आम्हाला न्यायला आला होतात ना?

मी म्हणालो, बॉक्स आत्ता काढतो. पाना नव्हता. गल्लीत एक गॅरेज होतं, रविवारी बंद. मी हाताने बोल्ट फिरवत बसलो. बोटं सोलली. म्हणालो, बसनं या, मी मागून गाडी आणतो. म्हणालो, आज जातो, सीट बसवून उद्या येतो. ती म्हणाली, उद्या शाळा आहे, आजच काय ते कळवायचंय. मग इराला म्हणाली, बॅग वर ने. सासरे अजून हार्मोनियम घेऊन शेवटच्या पायरीवर उभे होते. सत्तरीचा माणूस. त्यांना म्हणाली, नाना, वर न्या.

इरा दोन पायऱ्या चढून परत आली. म्हणाली, माझी खिडकीची बाजू फाडली नाही ना? मी म्हणालो, नाही गं. म्हणाली, बरं.

सासूबाईंनी तबक मात्र दिलंच. म्हणाल्या, वाण मागं ठेवू नये. ते पुढच्या सीटवर ठेवलं, बेल्ट लावला. अहमदपूरला एकाने काच वाजवून विचारलं, लोह्यापर्यंत येऊ का, गाडी रिकामीच दिसून राहिली. मी म्हणालो, जागा नाही.

आता मागच्या सीटवर बसलोय. खिडकीच्या बाजूला, इराच्या. फटीत तिची एक केसांची क्लिप सापडली. विशाखाला मेसेज केला, पोचलो. तिने लिहिलं, अनारसे डब्यात काढून ठेवा, मुंग्या लागतील.

काढून ठेवले.

१५ जून, सोमवार
सातला शाळेचा भोंगा लागला. बदललेला नाही, तसाच फाटका. गॅलरीचं दार लावायला उठलो आणि न लावता बाहेर गेलो. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता. प्रार्थना संपेपर्यंत उभा राहिलो.